मराठी, सेमी आणि मुलांची भाषा : प्रस्तावना

जून उजाडला की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन या भागातल्या शाळांच्या ऑफिसात पालक हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, पोरीला मराठीला ठेवू का सेमीला घालू?" सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. प्रश्न लहान आहे, पण त्यामागे घरातली बरीच चर्चा झालेली असते. पुढे अकरावीला शास्त्र शाखा घेतली तर सगळे इंग्रजीत येणार, नीट आणि जेईईचे क्लास इंग्रजीत चालणार, मामाच्या पोराला तिथे जड गेले होते, हे सगळे बोलून झालेले असते. मुख्याध्यापक काहीतरी सल्ला देतात, फॉर्मवर एक खूण होते आणि गणित-विज्ञानाच्या भाषेचा निर्णय कायमचा झाला असे घरचे मानतात.

निर्णय तिथे संपत नाही, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. फॉर्मवर माध्यम ठरते. त्यानंतर वर्गात बसलेले मूल तासाला दहादा स्वतःची भाषा निवडते. उदाहरण इंग्रजीत वाचते, मनात मराठीत उलगडते, शेजारच्या मैत्रिणीला आपल्या बोलीत विचारते, आकडेमोड पुटपुटताना पाढ्यांच्या भाषेत शिरते आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहिते. ही निवड कोणी शिकवलेली नसते. बहुतेक वेळा तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते, आणि लक्ष गेलेच तर "वर्गात इंग्लिशमध्ये बोला" एवढीच सूचना मिळते. मुलांना गणित-विज्ञान कळते की नुसते पाठ होते, हे मात्र या छोट्या छोट्या निवडींवर मोठ्या प्रमाणात ठरते.

आठवीच्या कोणत्याही सेमी वर्गात समीकरणांचा तास ऐकावा. फळ्यावर ३क्ष + ५ = २० असे उदाहरण असते. सर ते इंग्रजीत वाचतात. पोरे सांगतात, "सर, फाईव्ह तिकडं नेला की मायनस होतो." उत्तर बरोबर येते, क्ष ची किंमत ५ निघते, तास पुढे सरकतो. एखादी मुलगी मात्र विचारते, "पण सर, तिकडं गेल्यावर मायनस का होतो?" तास खरा इथे सुरू होतो. पाच कुठे जात नाही; दोन्ही बाजूंतून पाच काढले तरी बरोबरी टिकते, म्हणून डावीकडचा पाच संपतो आणि उजवीकडे वीसाचे पंधरा होतात. हे समजावताना सर मराठीत येतात, समजून घेताना मुलगीही मराठीत असते, आणि मग दोघे मिळून ते इंग्रजीत लिहितात. मराठीत बोलले म्हणजे आपोआप समजले, असे यावरून कोणी समजू नये. "तिकडं नेला की मायनस" हे वाक्यही मराठीच आहे, आणि तेही घोकलेलेच आहे. फरक पडला तो "का" या प्रश्नाने. पण तो प्रश्न त्या मुलीला तिच्या भाषेत सुचला. इंग्रजीतच विचार अशी सक्ती असती तर तो तिने गिळला असता.

प्रत्येक भाषा कुठे हात देते आणि कुठे अडवते, याचे भान शिक्षकाला असले तर पुष्कळ काम सोपे होते. "५ लेस दॅन अ नंबर" असे इंग्रजीत आले की अनेक मुले "५ वजा क्ष" लिहितात, कारण वाक्यात पाच आधी येतो. तेच "एका संख्येपेक्षा ५ ने कमी" असे सांगितले की संख्या आधी येते, कमी करायचे नंतर येते आणि "क्ष वजा ५" सरळ उतरते. इथे मराठी वाक्याची ठेवणच मुलाला बरोबर वाटेवर नेते. अपूर्णांकांतही तसेच आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्याआधी शिकून आलेले असते. पावशेर मिरची, दीड गुंठ्यात आल्याचा वाफा, अडीच तास मोटार, हे त्याचे रोजचे गणित आहे. सहावीत अपूर्णांक आला की हा ठेवा बाजूला ठेवून "थ्री बाय फोर" पासून कोरी सुरुवात करायची काहीच गरज नाही.

उलट, संख्यावाचनात मराठी अडवते. "सत्तावीस" म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून पहिली-दुसरीतली मुले ७२ लिहितात. इंग्रजीत "ट्वेंटी सेव्हन" म्हणताना दशक आधी येते. कन्नडातही तसेच आहे : "इप्पत्तेळु" मध्ये वीस आधी आणि सात मागून. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली "वीस सात" असेही संख्यावाचन दिले गेले आणि महाराष्ट्रभर वाद उसळला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे शांतपणे मांडली. भाषेची परंपरा मोडते, असे एका बाजूचे म्हणणे होते. लहान मुलाची अडचण दूर होते, असे दुसऱ्या बाजूचे. त्या गदारोळात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. गणिताच्या वर्गातली भाषा हा तपासण्याचा, बदलून पाहण्याचा, मुलाच्या बाजूने विचार करण्याचा विषय आहे, हे पहिल्यांदाच घराघरांत बोलले गेले.

विज्ञानाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि कोरेगाव तालुक्यात ती फार स्पष्ट दिसते. हा वाघ्या घेवड्याचा मुलूख. या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सोयाबीन, भुईमूगही इथे घरोघरी. पीक फुलात असताना एखादे सोयाबीन उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात, हे इथल्या कितीतरी पोरांनी पाहिलेले असते. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात हेही त्यांना माहीत असते. पुडा त्यांनीच कृषी सेवा केंद्रातून आणलेला असतो. आता हेच पुस्तकात कसे येते पाहा. मराठी माध्यमात "शिंबावर्गीय वनस्पती" आणि "सहजीवी नायट्रोजन स्थिरीकरण", तर सेमीत "लेग्युमिनस प्लांट्स" आणि "सिम्बायोटिक नायट्रोजन फिक्सेशन". मुलाला दोन्ही सारखेच परके. घेवडा आणि रायझोबियम हे दोन शब्द मात्र त्याचे स्वतःचे आहेत, आणि त्यांतला एक तर लॅटिन विज्ञाननामच आहे. शिक्षकाने "घेवड्याच्या मुळावर गाठी का येतात?" असे विचारून सुरुवात केली की मुले बोलू लागतात. तिथून "शिंबावर्गीय" कडेही जाता येते आणि "लेग्युमिनस" कडेही.

या भागात विज्ञानाचे इंग्रजी शब्द शाळेच्या आधी शेतात येऊन पोचलेले आहेत : ड्रिप, फिल्टर, पीएच, पोटॅश, व्होल्टेज, फेज. त्यांचा फायदा आहे तसा धोकाही आहे. "नळाला फोर्स नाही" म्हणताना घरात दाब किंवा प्रवाह अभिप्रेत असतो. भौतिकशास्त्रातले बल तिथे नसते. "करंट बसला" म्हणजे विजेचा झटका. अशा मुलापुढे "फोर्स" आणि "करंट" हे शब्द व्याख्येसह ठेवले तर त्याला वाटते, हे तर आपल्याला येतेच, आणि चुकीचा अर्थ आत घट्ट बसतो. याउलट मराठी पुस्तकातला "कार्य" हा शब्द रोजच्या "काम" पासून थोडा दूर उभा असल्यामुळे मदत करतो. डोक्यावर पाटी घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या माणसाने घाम गाळला, काम केले. पण गुरुत्वाच्या विरुद्ध त्याने केलेले कार्य शून्य. ही गोष्ट दोन वेगळ्या शब्दांमुळे मुलाच्या लवकर ध्यानात येते. म्हणजे कधी मराठी शब्द धरावा, कधी इंग्रजी, कधी बोलीतला, हे विषयातल्या त्या त्या कल्पनेकडे पाहून ठरवावे लागते. सरसकट नियम इथे चालत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जगन्नाथ शंकरशेठ व जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने असा मोठा वाद झाला. उच्च शिक्षणाचा कल अखेर इंग्रजीकडे गेला. तरीही केरूनाना छत्रे यांनी गणित आणि ज्योतिष मराठीत लिहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली मराठीत निघाला, आणि तो पुढे देशभरच्या अभ्यासकांना आधारभूत ठरला. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ मध्ये पुण्यात सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत. मराठीत विज्ञान लिहिता येते का, हा प्रश्न या माणसांनी आणि संस्थांनी केव्हाच निकालात काढला आहे.

सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढच्या काही दशकांत ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा हजारो मुलांनी बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र मराठीतून शिकून घेतले. आजच्या कित्येक पालकांचे आजोबा-वडील त्या मुलांतले आहेत. मराठीतून विज्ञान शिकून माणसे मागे पडतात, हे या जिल्ह्याने तरी पाहिलेले नाही.

मग आजचा पालक सेमीकडे का वळतो? त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. आठवी ते दहावी मराठीतून शिकलेली हुशार मुलगी अकरावीला जाते आणि पहिल्याच आठवड्यात "त्वरण" चे "अॅक्सलरेशन", "संवेग" चे "मोमेंटम", "जडत्व" चे "इनर्शिया" झालेले असते. तिला संकल्पना येत असतात, तरी ती मागच्या बाकावर गप्प बसू लागते. हे ज्याने घरात पाहिले आहे, तो धाकट्याला सेमीला घालणारच. पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली सुरू झाला, सेमीचे वर्ग खेड्यापाड्यांत पोचले, ते या भीतीपोटी आणि या आशेपोटीच. इंग्रजी म्हणजे पुढचा दरवाजा, हे पालकाचे गणित चुकीचे नाही. चूक होते ती पुढे. दरवाजा इंग्रजीचा आहे म्हणून सातवी-आठवीपासून विचारही इंग्रजीतच करायला हवा, असे मानले जाते, आणि जे मूल इंग्रजी वाक्य पुरते वाचू शकत नाही त्याला गाळलेल्या जागा, व्याख्या आणि उदाहरणांच्या पायऱ्या पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. दहावीत गुण मिळतात. अकरावीला कळते की पाया कच्चा राहिला.

मराठी माध्यमाच्या बाजूनेही स्वतःला तपासून घ्यायला हवे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे व. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा सोपी करून वर्गात वापरून पाहिली, तेव्हा मुलांची समज वाढल्याचे त्यांना आढळले. म्हणजे अडथळा केवळ इंग्रजीचा नव्हता. पुस्तकी मराठीचाही होता. "इस्कटून सांगा की सर" असे म्हणणाऱ्या कोरेगावच्या मुलाला संस्कृतप्रचुर वाक्य हे सुद्धा दुसऱ्या भाषेसारखेच असते.

आणि ज्यांच्या घरी मराठीच नाही, त्यांचे काय? हा भाग या पुस्तकात आम्ही मुद्दाम मोठा ठेवला आहे. चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. कोप्यांत राहणारी काही मुले घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात. इथल्या शाळेत हंगामापुरती बसतात आणि फड संपला की निघून जातात. वीटभट्टीवर, बांधकामावर कानडी आणि हिंदी बोलणारी कुटुंबे आहेत. पेठेत दखनी बोलणारी, मारवाडी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या मुलांना मराठी ही शाळेत शिकायची भाषा आहे आणि इंग्रजी त्यानंतरची. सेमीच्या वर्गात बसल्यावर त्यांना दोन अनोळखी भाषांतून गणिताकडे जावे लागते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारती कन्नडातही पुस्तके छापते. पण पुढच्या शिक्षणासाठी त्या मुलांना मराठी-इंग्रजीच्या वर्गात यावेच लागते. मराठी माणूस इंग्रजीपुढे जे सोसतो, ते ही मुले आपल्या मराठी वर्गात सोसत असतात. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावे.

जगात इतरत्रही लोक याच पेचातून गेले आहेत. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचा निर्णय देशभर लागू केला. ग्रामीण भागातली मुले मागे पडतात अशी तक्रार वाढत गेली आणि २०१२ पासून तो टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. पुढे ज्या शाळांना हवे त्यांच्यासाठी इंग्रजीचा पर्याय पुन्हा खुला झाला. आपल्या सेमीचीच ही मोठ्या प्रमाणावरची कसोटी होती. दक्षिण आफ्रिकेत जिल अॅडलर आणि मामोक्गेथी फाकेंग यांनी बहुभाषिक वर्गांतल्या गणिताचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. शिक्षक आणि मुले दोघेही इंग्रजीच मागतात, कारण नोकरी आणि प्रतिष्ठा तिच्याशी जोडलेली आहे, हे त्यांनी दाखवले. फाकेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वाटही शोधली. अकरावीच्या वर्गात एकच उदाहरण इंग्रजीत आणि मुलांच्या घरच्या भाषेत असे दोन्ही रूपांत दिले आणि त्यावर हव्या त्या भाषेत चर्चा करू दिली. मुलांचे लक्ष भाषेवरून उठून गणितावर गेले. इंग्रजी हातची गेली नाही आणि विचारही थांबला नाही.

आपल्याकडे धोरणाने आता ही वाट मोकळी केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि गणित-विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तकांचाही पुरस्कार केला आहे. बालभारतीने पहिलीच्या पुस्तकांत मराठी शब्दांसोबत इंग्रजी शब्द देण्यास सुरुवात केली. नीट मराठीत देता येते, २०२१ पासून जेईई मेनही. २०२१ मध्येच पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. पण धोरण वर्गात आणतो तो शिक्षक. त्याच्या हाती तासाची पस्तीस-चाळीस मिनिटे असतात, आणि त्या वेळेत कोणत्या भाषेला कुठे जागा द्यायची हे त्यालाच ठरवायचे असते.

आमचे म्हणणे साधे आहे. माध्यम कोणतेही असो, विचार करायला, शंका विचारायला, चुकायला आणि वाद घालायला मुलाला त्याची भाषा मिळाली पाहिजे. लिहायला, परीक्षेला आणि पुढच्या शिक्षणाला लागणारी भाषा त्याला त्याच तासाला, उघडपणे, शब्द आणि वाक्यरचनेसह शिकवली पाहिजे. "इक्वेशन सॉल्व्ह करा" एवढे म्हणून भागत नाही. "लेस दॅन", "अॅट लीस्ट", "इफ अँड ओन्ली इफ" ही वाक्ये गणितात काय काम करतात, हे गणिताच्या शिक्षकानेच उलगडून दाखवायला हवे. ते इंग्रजीच्या तासावर सोडता येणार नाही. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीत प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी जोडीदार वहीत लिहून घेतला, तर अकरावीचा पहिला महिना धक्क्याचा राहणार नाही. आणि सेमीच्या वर्गात "मराठीत बोलू नका" ही सूचना कायमची बंद झाली, तर निम्मे काम तिथेच होईल.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात संख्या, अपूर्णांक, समीकरणे आणि भूमितीची सिद्धता यांत मराठी आणि इंग्रजी कुठे साथ देतात, कुठे फसवतात, याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या भागात विज्ञानाच्या संकल्पना आणि शेत, घर, बाजार यांतली भाषा. तिसऱ्या भागात घरी मराठी नसलेल्या मुलांच्या वर्गासाठी सूचना. चौथा भाग पालकांसाठी आहे : मराठी की सेमी, हे ठरवताना काय पाहावे आणि ठरवल्यावर घरी काय करावे. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. उद्या जो धडा शिकवायचा आहे, तेवढे प्रकरण आज रात्री वाचले तरी चालेल.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या घरी मराठी होती, बनारसला त्यांचे शालेय शिक्षण हिंदीतून झाले, केंब्रिजला संशोधन इंग्रजीतून, आणि विज्ञानकथा त्यांनी मराठीत लिहिल्या. तीन भाषा त्यांच्या वाटेत आल्या आणि तिन्हींतून ते शिकत, लिहीत राहिले. आपल्या वर्गातल्या मुलांकडेही दोन-तीन भाषा आहेत. ती त्यांची उणीव मानू नका.

शिक्षकांना आमची एकच विनंती आहे. उद्याच्या तासाला एक अवघड उदाहरण द्या, पाच मिनिटे मुलांना आपापल्या भाषेत आपसांत बोलू द्या आणि नुसते ऐका. कोण कुठे अडले आहे, ते त्या पाच मिनिटांत कळेल. पुढचे शिकवणे तिथून सुरू करा.